फ्रॅटवाली पोरं शेजारच्या आजींची पानं गोळा करायला का येतात?

मागच्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पेन्सिल्व्हेनियात आली होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ती खिडकीतूनच ओरडली, अगं ये लवकर, शेजारच्या आजींच्या अंगणात सात-आठ पोरं शिरलीयेत, हातात दाताळी आहेत! मी बघितलं तर खरंच, सगळ्यांचे एकाच रंगाचे टीशर्ट, छातीवर तीन ग्रीक अक्षरं, अर्ध्यांचे डोळे अजून झोपेत, आणि पानं ओढून ओढून ब्राऊन पेपरच्या मोठ्या पिशव्यांत भरणं चाललेलं. आईचा पहिला प्रश्न, कुठल्या मंडळाची आहेत गं ही?

मी हसले, पण नंतर विचार केला तर यापेक्षा चांगला शब्द मला पण सुचला नसता. अमेरिकन कॉलेजमधली फ्रॅटर्निटी, थोडक्यात फ्रॅट, म्हणजे काय हे आपल्या माणसाला सांगायचं तर गणेश मंडळापासूनच सुरुवात करावी. वर्गणी असते (इथे ड्यूज म्हणतात), अध्यक्ष-खजिनदार असतात, जुने सदस्य वर्षानुवर्षं येऊन नव्यांना उपदेश करतात, दणक्यात पार्ट्या होतात, शेजारी आवाजाने वैतागतात, आणि तेच मंडळ मग रक्तदान शिबिर पण घेतं. फरक एवढाच की यांचा बाप्पा बारा महिने बसलेला असतो आणि बरीच पोरं मंडळाच्या घरातच राहतात. शब्दाचा अर्थ बंधुत्व, सभासद एकमेकांना ब्रदर म्हणतात. मराठीत बंधुत्व म्हटलं की चांगलं वाटतं आणि भाऊबंदकी म्हटलं की कोर्टकचेरी आठवते, फ्रॅटमध्ये दोन्ही बघायला मिळतं. मुलींच्या अशा संस्थांना सोरॉरिटी म्हणतात.

आता हे समाजसेवेचं कुठून आलं? कारण सुरुवातीला ते नव्हतंच. ग्रीक अक्षरांची पहिली सोसायटी, फाय बीटा कप्पा, १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली, ते बेसिकली वादविवाद करणाऱ्या पोरांचं गुप्त मंडळ होतं. मग १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा निघाली, आजच्या सोशल फ्रॅटर्निटीचा नमुना साधारण तिथून आला, म्हणजे मैत्री, गुपितं, शपथा आणि नंतर घरं. पानं गोळा करणं वगैरे यात कुठेच नव्हतं, ते बरंच नंतर चिकटलं आणि मग इतकं घट्ट चिकटलं की आज बहुतेक फ्रॅटर्निटी आपल्या ध्येयांत सेवा सांगतातच.

इथे एक गोंधळ आधी सोडवायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. फ्रॅटवाले दोन वेगळे शब्द वापरतात, फिलान्थ्रॉपी आणि सर्व्हिस. बाहेरून बघणारा दोन्हीला समाजसेवा म्हणतो. फिलान्थ्रॉपी म्हणजे पैसे गोळा करून कोणाला तरी देणं. सर्व्हिस म्हणजे स्वतः जाऊन हातपाय हलवणं, आणि ते तासांत मोजतात. पॅनकेक ब्रेकफास्ट लावला, तिकिटाला पाच डॉलर घेतले, ती फिलान्थ्रॉपी. फूड बँकेत (गरजूंना फुकट धान्य-खाणं देतात तिथे) उभं राहून डबे लावले, ती सर्व्हिस. चॅप्टरमध्ये (म्हणजे त्या कॉलेजातल्या शाखेत) या दोन्हीसाठी बऱ्याचदा वेगवेगळे पदाधिकारी असतात. आणि माझं मत विचाराल तर फ्रॅट पहिल्या गोष्टीत एकदम तयार असतात आणि दुसरीत ढिल्या, आणि गावाला खरी गरज असते दुसरीची.

पैसे गोळा करण्यात ही पोरं किती तयार आहेत त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच राज्यात आहे. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत दर फेब्रुवारीत थॉन होतं. १९७३ मध्ये तिथल्या इंटरफ्रॅटर्निटी काउन्सिलने, म्हणजे सगळ्या फ्रॅटच्या मिळून असलेल्या समितीने, एक डान्स मॅरेथॉन घेतली, ३० तास नाचायचं, ३९ जोड्या नाचल्या आणि दोन हजार डॉलरच्या थोडे वर जमले. आज तोच कार्यक्रम ४६ तासांचा आहे, शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत, बसायचं नाही आणि झोपायचं नाही. २०२४ मध्ये एका वर्षात जमलेली रक्कम १ कोटी ६९ लाख डॉलरच्या वर होती. डॉलर, रुपये नव्हे! आता ते फक्त फ्रॅटचं राहिलेलं नाही, सगळं कॉलेज त्यात असतं, पण पाया त्यांचाच.

पैसे जातात फोर डायमंड्सला. १९७२ मध्ये एका दांपत्याने, ज्यांचा मुलगा कॅन्सरने गेला होता, हर्शी गावातल्या (हो, चॉकलेटवालं हर्शीच) हॉस्पिटलशी जोडून हा फंड सुरू केला. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या उपचारांचा जो भाग इन्शुरन्स देत नाही तो हा फंड भरतो, शिवाय संशोधनाला पैसा देतो. १९७७ पासून थॉनचा पैसा इथेच येतो. अमेरिकेत इन्शुरन्स असूनही उरलेल्या बिलाने घर बसू शकतं, हे ज्याने इथलं हॉस्पिटलचं पाकीट एकदा उघडलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आम्ही एकदा रविवारी सकाळी मुलीला घेऊन बघायला गेलो होतो. ब्राइस जॉर्डन सेंटर म्हणजे बास्केटबॉलचं मोठं इनडोअर स्टेडियम, खाली फरशीवर शेकडो पोरंपोरी, चाळीसेक तास उभी असलेली. एक उंच मुलगा खांबाकडे बघत नुसता उभा होता, डोळे उघडे पण आत कोणी नाही असा, शेजारी त्याची मैत्रीण त्याचे बूट बदलत होती. तेवढ्यात डोक्यावर एकही केस नसलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी आली आणि पिचकारीने तिने त्याच्या थेट तोंडावर पाणी मारलं. तो दचकला, हसला, आणि तिच्यामागे लंगडत धावायला लागला. माझी मुलगी म्हणाली, मम्मा, मला पण पिचकारी. मी जरा वेळ काही बोललेच नाही. शेवटी आकडे एकेक करून वर धरतात तेव्हा आख्खं स्टेडियम दोन्ही हातांनी डायमंडचा आकार करून उभं असतं. मला असल्या इव्हेंटबाजीची ॲलर्जी आहे, तरी घसा दाटला, खोटं कशाला बोलू.

पण याच थॉनची दुसरी बाजू पण आहे. पूर्वी पैसे जमवायची मुख्य पद्धत होती कॅनिंग, म्हणजे वीकेंडला गाड्या भरून दुसऱ्या गावात जायचं आणि चौकात, दुकानांबाहेर डबे घेऊन उभं राहायचं. आपल्याकडे वर्गणीसाठी रस्ता अडवतात ना, त्याचं सभ्य रूप. त्या ट्रिप्सवर जातायेताना गाड्यांचे अपघात झाले, काही विद्यार्थी गेले, आणि शेवटी युनिव्हर्सिटीने ते टप्प्याटप्प्याने बंद केलं. दमलेली विशीतली पोरं रात्रीबेरात्री हायवेवर, हे आधी कोणाच्या लक्षात का आलं नाही असं आपल्याला वाटतं, पण कारण चांगलं असलं की असे प्रश्न विचारायला लोक कचरतात.

पैशाचा विषय निघालाच आहे तर टॅक्सचं पण थोडक्यात सांगते, कारण इथले आपले लोक डोनेशन देताना हमखास चुकतात. फ्रॅटर्निटी ही अमेरिकन टॅक्स कायद्यात साधारणपणे ५०१ सी ७ मध्ये येते, म्हणजे सोशल क्लब, गोल्फ क्लब येतो तशीच. तिला स्वतःला टॅक्समध्ये सवलत आहे पण तुम्ही तिला पैसे दिले तर तुम्हाला नाही. तुम्हाला सवलत मिळते ५०१ सी ३ संस्थेला दिलं तर, म्हणजे चॅरिटी. म्हणून मोठ्या फ्रॅटर्निटींनी बाजूला स्वतःचं फाउंडेशन काढलेलं असतं, किंवा चेक थेट हॉस्पिटलच्या किंवा चॅरिटीच्या नावाने मागतात. पोरं दारात आली तर एवढंच विचारायचं, चेक कोणाच्या नावाने? चॅप्टरच्या नावाने म्हणाली तर ती मंडळाची वर्गणी समजून द्या, आवडली तर.

आता सर्व्हिस, म्हणजे परत आजींच्या अंगणात. काम झाल्यावर त्या पोरांचा म्होरक्या फोन घेऊन आजींकडे गेला आणि त्यांनी स्क्रीनवर बोटाने सही केली. आईने विचारलं, सही कशाला? तास मिळतात म्हटलं. आठ पोरं, दोन तास, म्हणजे चॅप्टरच्या खात्यात सोळा तास. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सदस्याला सेमिस्टरला अमुक इतके तास भरावेच लागतात, नाही भरले तर दंड किंवा पार्टीला बंदी, आणि वर्षाच्या शेवटी युनिव्हर्सिटी चॅप्टरचा हिशोब बघते, नॅशनल हेडक्वार्टर बघतं. आईला हे जरा खटकलं. सेवा कसली मग ही, हजेरीच झाली की.

मी तिला माझी एनएसएसची डायरी आठवून दिली. राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ ला गांधी शताब्दीच्या वर्षात सुरू झालेली, वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचं कॅम्प. मी तासांसाठी आणि थोडी मार्कांसाठीच गेले होते, कबूल आहे. कॅम्पमध्ये आम्ही एका ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा घातला, हाताला फोड आले, सातव्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते फोटो झाला. नंतर त्या गावात आम्ही कधी परत गेलोच नाही. म्हणजे सहीसाठी केलेलं काम खोटं असतं असं मला वाटत नाही, वाळू खरी होती आणि पाणी पण खरंच अडलं होतं. गडबड होते ती परत न जाण्यात.

फ्रॅटच्या सर्व्हिसचं पण तेच आहे. एका दिवसाची कामं ढिगाने होतात, हॅलोविनला गावातल्या लहान मुलांना फ्रॅट हाऊसमध्ये बोलावून चॉकलेट वाटणं, रेड क्रॉसचा रक्तदान कॅम्प, हॅबिटॅट ही संस्था गरजूंसाठी घरं बांधते, त्या घरांना रंग देणं. नेमाने चालणारी कमी असतात. त्यातला एक चांगला प्रकार म्हणजे अडॉप्ट अ हायवे, १९८५ मध्ये टेक्सासात सुरू झालेली योजना, रस्त्याचा साधारण दोन मैलांचा पट्टा एखादा ग्रुप दत्तक घेतो आणि वर्षातून काही वेळा कचरा उचलतो, बदल्यात सरकार त्यांच्या नावाची पाटी लावतं. पाटीवर नाव असलं की कचरा दिसला तर लाज कोणाची जाते ते उघड असतं, म्हणून ते चालतं. गावाच्या बाहेर मी रोज एका ग्रीक अक्षरांच्या पाटीवरून जाते आणि खरंच तिथे कचरा कमी असतो, फक्त त्यांच्या फुटबॉल सीझनमध्ये थोडा वाढतो.

आणि एक फ्रॅटर्निटी अशी पण आहे जिचं सगळं कामच सर्व्हिस आहे, तिच्याबद्दल आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं. अल्फा फाय ओमेगा. १९२५ च्या डिसेंबरात इथल्याच ईस्टन गावातल्या लाफायेट कॉलेजात फ्रँक रीड हॉर्टन नावाच्या, पहिल्या महायुद्धात नौदलात काम करून आलेल्या विद्यार्थ्याने स्काउटिंगच्या तत्त्वांवर ती काढली. हिचं घर नसतं, पार्ट्यांसाठी ती प्रसिद्ध नाही, आणि दुसऱ्या सोशल फ्रॅटचा सदस्य असूनही यात येता येतं. गंमत म्हणजे यात मुलगे-मुली दोन्ही असतात, आणि त्यामागे कायदा आहे. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभाव नको म्हणून १९७२ चा टायटल नाईन कायदा आला, १९७४ मध्ये सोशल फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींना त्यातून सूट मिळाली, पण ती सोशलवाल्यांनाच, सर्व्हिसवाल्यांना नाही. मग १९७६ मध्ये यांनी मुलींना दार उघडलं. म्हणजे नुसती मजा करायची असेल तर मुलग्यांचं वेगळं मंडळ चालेल, पण सेवा करायची तर सगळ्यांना घ्या. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही नसेल, झालं मात्र तसंच.

सेवेचा विषय ज्यांच्यासाठी कधीच साइड बिझनेस नव्हता ते म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, अशा नऊ आहेत, त्यांना डिव्हाइन नाईन म्हणतात. पहिली अल्फा फाय अल्फा, १९०६, कॉर्नेल युनिव्हर्सिटी. तेव्हा तिथे काळे विद्यार्थी इतके थोडे आणि इतके एकटे होते की एकमेकांना धरून राहणं हीच पहिली सेवा होती, आणि मग तिथून ती बाहेर पसरली. कृष्णवर्णीय लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवावं यासाठी त्यांनी १९३० च्या दशकात मोहीम काढली, ज्यांना मत नाही त्यांना आशा नाही, अशा अर्थाची तिची घोषणा होती. मार्टिन ल्यूथर किंग याच फ्रॅटर्निटीचे, आणि वॉशिंग्टनमधलं त्यांचं २०११ चं स्मारक उभं करायला पुढाकार पण यांचाच.

त्याहून मला आवडतं ते अल्फा कप्पा अल्फा या सोरॉरिटीचं काम, ही १९०८ ची, कमला हॅरिस यातल्याच. १९३५ ते १९४२ दर उन्हाळ्यात या बायका मिसिसिपीच्या खेड्यांत दवाखाना घेऊन जायच्या, डॉ. डोरोथी फेरेबी प्रमुख होत्या. योजना होती एका जागी क्लिनिक लावायची, पण मळ्यांचे मालक मजुरांना मळा सोडून क्लिनिकला जाऊ देईनात. मग यांनी गाड्यांत औषधं आणि लसी भरल्या आणि क्लिनिकच मळ्यात नेलं. देवी, घटसर्प यांच्या लसी कापसाच्या शेताच्या कडेला. आणि पुढच्या वर्षी परत. आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत. या संस्थांमध्ये कॉलेज संपलं तरी सदस्यत्व संपत नाही, गावागावात पदवीधरांचे चॅप्टर असतात, चाळिशी-पन्नाशीतली माणसं शाळेतल्या पोरांना शिकवायला येतात. थोडक्यात, त्यांना परत येण्याची सवय आहे.

देशी पोरांच्या पण फ्रॅटर्निटी आहेत बरं का, बऱ्याच जणांना हे नवीन असतं. नव्वदच्या दशकात जी पिढी इथेच जन्मून कॉलेजात पोचली त्यांनी त्या काढल्या, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला, बीटा काय थीटा १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला. माझ्या मामेभावाचा मुलगा अशा एका फ्रॅटमध्ये गेला तेव्हा वहिनीला आठवडाभर झोप नव्हती. मग थँक्सगिव्हिंगला तो घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याने सगळ्यांच्या गालाच्या आत कापसाची काडी फिरवली, आजोबांनी पण तोंड उघडलं पण वयामुळे त्यांना चालत नव्हतं, ते जरा रुसले. ही काडी म्हणजे बोन मॅरो रजिस्ट्रीसाठी, म्हणजे अस्थिमज्जा द्यायला तयार असलेल्यांच्या यादीसाठी. ब्लड कॅन्सरच्या पेशंटला स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, देणारा हवा असतो, आणि रक्तगटासारखं ते सहज जुळत नाही. पेशींवर एचएलए नावाचे मार्कर, म्हणजे खुणा असतात, त्या आईवडिलांकडून येतात, त्यामुळे आपल्या वंशाच्या माणसाशी जुळायची शक्यता जास्त. अमेरिकेच्या रजिस्ट्रीत देशी माणसं कमी, म्हणून देशी पेशंटला मॅच मिळायची शक्यता गोऱ्या पेशंटपेक्षा बरीच कमी. आणि डॉक्टरांना डोनर तरुण हवा असतो. तरुण, देशी आणि एका जागी शेकडोंनी सापडणारा, म्हणजे कॉलेज कॅम्पस! म्हणून देशी विद्यार्थ्यांचे ग्रुप कॅम्पसवर हे टेबल लावतात. काडी फिरवायला एक मिनिट लागतं. खरी परीक्षा नंतर असते, कधीकधी कित्येक वर्षांनी फोन येतो की तुमचं जुळलंय, येता का, आणि तेव्हा माणसाची नोकरी असते, घाबरलेली आई असते, आणि तो नाही म्हणतो. म्हणून त्या पोराला मी एवढंच म्हटलं, काड्या किती झाल्या ते सांगू नकोस, फोन आला तर काय करायचं ते लोकांना नीट सांगितलंस का ते सांग.

आता कडू भाग, तो टाळून हे लिहिणं बरोबर होणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेटच्याच एका फ्रॅट हाऊसमध्ये नव्याने येऊ बघणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला प्रवेशाच्या रात्री भरमसाट दारू पाजली, तो जिन्यावरून पडला, आणि तिथल्या पोरांनी जवळजवळ बारा तास मदतीला फोन केला नाही. तो गेला. त्याच महिन्यात, त्याच गावात, थॉनने १ कोटी डॉलर जमवले. नव्या पोराच्या अशा छळाला इथे हेझिंग म्हणतात, आपलं रॅगिंग, पण एक फरक आहे, रॅगिंग होणाऱ्याला आत जायचं असतं कॉलेजात आणि रॅगिंग मध्ये येतं, इथे हेझिंग हीच आत जायची फी असते, म्हणून पोरगा स्वतःहून सहन करतो आणि तक्रार करत नाही. त्या मुलाच्या नावाने २०१८ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कडक कायदा झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर कायदा आला, कॉलेजांना आता हेझिंगची माहिती जाहीर करावी लागते.

मग काही लोक म्हणतात की ही समाजसेवा म्हणजे नुसती रंगसफेदी. काही अंशी आहेच. चॅप्टरवर कारवाई झाली की कधीकधी शिक्षा म्हणूनच सेवेचे तास देतात, म्हणजे समोर पानं ओढणारा पोरगा हौसेने आलाय, नियमाने आलाय की शिक्षेने, हे टीशर्टवरून कळत नाही. पण मी उलट विचार करते. जे आठ जण अंगणात आले त्यांच्यात एखादा रेझ्युमेसाठी, चौघं तास भरायला, एक आजींसाठी आणि दोन फक्त मित्र गेले म्हणून आले असतील, आणि पानं मात्र सगळी गेली. चांगल्या माणसांची वाट बघत बसलं तर आजींना दाताळं स्वतःच धरावं लागलं असतं. फक्त ही पानं त्या रात्रीचा हिशोब फेडत नाहीत, ते खातं वेगळं आहे, आणि दोन्ही खाती एकत्र करू देऊ नयेत एवढंच.

आईने त्या दिवशी दिवाळीतले उरलेले शंकरपाळे डिशमध्ये घालून पोरांना नेऊन दिले. एकाने विचारलं यात नट्स आहेत का, दुसऱ्याने विचारायच्या आत चार खाल्ले. आजींशी बोलताना कळलं की हीच पोरं पलीकडच्या गल्लीत राहतात, शुक्रवारी रात्री दोनपर्यंत यांचाच धिंगाणा चालतो आणि पोलिसांना दोनदा फोन आजींनीच केलाय. डिसेंबरात सेमिस्टर संपलं, पोरं घरी गेली, आणि नेमका तेव्हाच बर्फ पडला, तो माझ्या नवऱ्याने काढला. आता एप्रिलमध्ये परत सर्व्हिस डे आहे, आजींनी खिडक्या पुसायला नाव दिलंय, त्यांचा फॉर्म मीच भरून दिला. सोयीची वेळ या रकान्यात मी दहा लिहीत होते तर म्हणाल्या, अकरा लिही, त्याआधी ती उठत नाहीत.